पहिली गेलीच नाही

२ मार्च, सोमवार. संध्याकाळ.

इटलीच्या गाण्याच्या स्पर्धेत माझी लाडकी गायिका पहिली आली आणि आज तिनेच युरोपच्या स्पर्धेला जायला नकार दिला. आता दुसरी आलेली जाणार. फॅन ग्रुपवर सगळे पिसाळलेत. मीही लिहिलं, "पहिलीच्या उष्ट्या पानावर बसायला या दुसरीला लाज कशी वाटत नाही?"

ग्रुपवर रत्नागिरीच्या आम्ही दोघीच, मी आणि माझी वर्गमैत्रीण शालन. शालनला ती दुसरी आलेलीच आवडते. उष्टं पान कुणाला उद्देशून आहे, हे तिला कळणार होतं. कळावं म्हणूनच लिहिलं.

शाळेत असताना नाट्यगीतांच्या स्पर्धेत मी जिल्ह्यात पहिली आले, ती दुसरी. मुंबईच्या फेरीला मात्र ती गेली. बाबा मला म्हणाले होते, "मुलीच्या जातीनं एवढ्या लांब जाऊ नये." चाळीस वर्षं मी हेच सगळ्यांना ऐकवत आले. पान माझंच होतं ना?

मघाशी शालनचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "तुझे बाबा मला स्वतः एस.टी.त बसवायला आले होते गो. म्हणाले, आमच्या मुलीचा आवाज तिथे टिकायचा नाही, तूच जा. तुला सांगू नको म्हणाले, म्हणून गप्प राहिले."

शालनही मुलगीच होती. बाबांनीच तिला गाडीत बसवलं.

ते वाक्य पुसायला ग्रुप उघडला. उष्ट्या पानाला अजून लाइक पडताहेत. नाही पुसलं.