पेटी कुणाच्या हाती लागू नये

३ मार्च, मंगळवार

ताईचा आधीचा नवरा ब्रँट येऊन गेला. भर दुपारी! मी पशुखाद्याच्या गिरणीत, ताई कामावर, तिची लेक पायपर शाळेत. मागच्या दाराची काच फोडून, हात आत घालून कडी काढली. चोरलं काहीच नाही. मक्याच्या पावाचा उरलेला तुकडा खाल्ला, ताटली धुतली आणि फडक्यावर पालथी घालून ठेवली.

ती ताटली बघून टॅमराताई जमिनीवरच बसली. "तोच. ताटली उताणी ठेवली म्हणून दोनदा मार खाल्लाय मी."

पोलिसांना फोन केला, त्यांचा डेप्युटी आला बावन्न मिनिटांनी. मी घड्याळाकडे बघतच बसलो होतो. माणूस सभ्य. "ताटली धुतली म्हणून कुणाला आत टाकता येत नाही हो." ब्रँटने पाचशे फुटांच्या आत यायचं नाही, असा कोर्टाचा कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. कोंबड्याच्या चुंबकाखाली. ब्रँट तो वाचायला आत आला असेल!

जाताना विचारलं, "घरात काही हत्यार?"

नाही. बाबांची हरणाच्या शिकारीची रायफल होती. दोन वर्षांपूर्वी मामाने नेली, "साफ करून आणतो" म्हणून. अजून साफ करतोय.

मी पिस्तूल घेणार. ठरलं.

४ मार्च, बुधवार

काचेच्या जागी फळी ठोकली. अकरा स्क्रू.

ऑर्विलमामा बघायला आला. पिस्तुलाचं सांगितलं तर आधी हसला. "तू? अरे, तुझ्या हातात कॉफीचा कप धड राहत नाही! ब्रँट सोडून फ्रिजला गोळी घालशील." मग एकदम गंभीर. "मी येतो तुमच्याकडे, सोफ्यावर झोपतो. पण ते खूळ काढून टाक, लायल."

मामाचं वय सत्तर. गुडघे गेलेले. आमचा सोफा त्याला उठूसुद्धा द्यायचा नाही.

मी म्हटलं, नाही काढणार.

ताई भांडी घासत होती. वळली नाही. "घरात नको ते. पायपर आहे."

फक्त पायपरसाठी? तिने घासलेलीच कढई पुन्हा घासायला घेतली. नको देऊ उत्तर.

६ मार्च, शुक्रवार

गिरणीतून थेट डेलच्या दुकानात. पुढे खिळे, रंग, बादल्या. मागच्या काउंटरला बंदुका. सव्वा तास होतो. डेल कंटाळला, पण चिडला नाही.

आधी एक इवलंसं दाखवलं, खिशात मावणारं. "दिसतं गोजिरवाणं, पण लाथ खेचरासारखी मारतं. पहिल्यांदाच घेतोयस, हे नको." मग आपोआप भरणारं पिस्तूल. वरचा भाग मागे ओढायला जोर लागतो. मला जमलं, पण ताईचं मनगट मोडलेलं आहे (ब्रँट, तीन वर्षांपूर्वी). तिला जमणार नाही. शेवटी रिव्हॉल्वर. पोलादी, जड, पाच गोळ्यांचं, नळी जरा लांब. सेफ्टीचा वेगळा खटका नाही, अडकायला काही नाही. भरलंय की रिकामं, चक्र उघडलं की डोळ्यांना दिसतं. मला दिसलेलं बरं.

सरकारी फॉर्म दोनदा वाचला. कोर्टाने कधी मनोरुग्णालयात पाठवलंय का, या प्रश्नावर पेन थांबलं. डेलने काही विचारलं नाही, फक्त प्रश्न मोठ्याने वाचला. कोर्टाने नाही पाठवलं. दोन हिवाळ्यांपूर्वी मी माझ्या पायांनी गेलो, नऊ दिवस राहिलो, माझ्या पायांनी परत आलो. खरं उत्तर 'नाही' हेच आहे. तेच लिहिलं.

मंजुरी आली कॉफी निवायच्या आत.

सोबत पोलादी पेटी घेतली. चार आकडे लावून उघडणारी. कपाटात, भिंतीच्या लाकडाला बोल्टने आवळली. आकडा फक्त मला माहीत.

मामाचा फोन: "रिव्हॉल्वर? म्हातारीचं पिस्तूल घेतलंस म्हणे?" हो, घेतलं!

७ मार्च, शनिवार

पहिला वर्ग. चर्चच्या तळघरात सकाळभर. शिकवणाऱ्या वॉनेटा प्रिचर्डबाई. म्हणजे आमच्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हर! मला बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "तिसरं बाक, खिडकी. दहावीत बसमधून उतरलास तो उतरलासच." सगळे हसले. मीही.

तीन तास बंदुकीला हात लावू दिला नाही. प्रत्येक बंदूक भरलेली समजायची. ज्यावर झाडायची नाही, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. निशाण ठरेपर्यंत बोट चापाबाहेर. निशाणाच्या मागे काय आहे ते आधी बघायचं. हे आम्ही बसमधल्या पोरांसारखं एका सुरात म्हणत होतो.

मग एकेक कागद. एका बाजूला आपल्या घराचा नकाशा. दुसऱ्या बाजूला प्रश्न: 'या घरात पेटी कुणाच्या हाती लागू नये? पूर्ण नावं लिहा.'

एका जाड्याने लिहिलं, 'सासू'. बाई म्हणाल्या, "पूर्ण नाव, बर्ट."

मी लिहिलं: पायपर अ‍ॅन स्ट्राउड, वय सहा. (आडनाव ताईने आमचंच लावलंय.)

बाईंनी कागद बराच वेळ धरला. "अजून कुणी?"

"नाही."

"घाई नाही. कागद घरी ठेव."

बाकी सगळ्यांचे जमा करून घेतले. माझाच परत दिला! सबंध तालुक्याला माहीत असतं सगळं. एकदा ताप आला म्हणजे माणूस जन्मभर तापाचा का? मामाला न्यूमोनिया झाला होता, त्याच्या सिगारेटी कुणी काढून घेतल्या नाहीत.

कागद पेटीखाली सरकवलाय. एक नाव आहे. पुरे आहे.

१० मार्च, मंगळवार

नकाशा फूटपट्टीने काढला. घरातल्या बोळाच्या टोकाला उभं राहून दाराकडे झाडली, तर गोळी पातळ भिंतीतून थेट पायपरच्या उशीत. रेघ तीनदा ओढून पाहिली. तिन्ही वेळा उशी.

ताईला दाखवलं. ती पायपरच्या पलंगाची एक बाजू धरून उभी राहिली. दोघांनी मिळून पलंग मागच्या खोलीत नेला. पायपरला वाटलं सहलच आहे.

१४ मार्च, शनिवार

आज खडीच्या जुन्या खाणीत, खऱ्या गोळ्या. ताईही आली! "घरात आलंच आहे तर मला कळलेलं बरं," एवढंच बोलली.

बाईंनी चक्रात दोन खोटी काडतुसं मिसळून दिली, कोणती ते न सांगता. खोटं आलं की 'टक्'. आणि माझी नळी दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखी खाली! आवाजाच्या आधीच घाबरतो मी. बर्ट खो खो हसला. बाई म्हणाल्या, "हस बर्ट, तुझी तर जमीन उकरत होती." मग मला, "हात कापू देत पोरा. कापणाऱ्या हातानेही चाप हळू दाबता येतो."

साठ गोळ्यांनंतर टक् झालं आणि नळी हलली नाही. बाईंनी माझ्या खांद्यावर थाप मारली. शाळेत अशी थाप कधी मिळाली नाही.

ताईच्या पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत. तिने कानांवरचे टोप काढले आणि लग्नाआधी हसायची तशी हसली.

शेवटी घरातला धडा. शोधत फिरायचं नाही. सगळ्यांनी एका खोलीत जायचं, दार लावायचं, पलंगाआड बसायचं, फोन चालू ठेवायचा, मोठ्याने बजावायचं. "घरातली वस्तू नेऊ दे. टीव्हीसाठी कुणी मरत नाही आणि मारत नाही."

१५ मार्च, रविवार

तालीम केली. पेटी उघडून, पिस्तूल घेऊन मागच्या खोलीत तिघंही: बावीस सेकंद. पायपर तिची बाहुली घ्यायला परत पळाली म्हणून. आता एक बाहुली तिथेच ठेवलीय.

२२ मार्च, रविवार

चर्चमधून येऊन बीन्सचा पहिला घास घेत होतो. त्याची गाडी! मग मागच्या दाराची फळी करकरली.

एकोणीस सेकंद.

पायपर पलंगाआड बाहुली घेऊन, ताई फोनवर, मी गुडघ्यांवर, कोपर गादीवर, नळी दाराकडे, बोट बाहेर. बोळात पावलं.

मी ओरडलो, "ब्रँट, पोलिसांना फोन लागलाय. माझ्या हातात पिस्तूल आहे. परत फिर."

तो हसला. "लायल? तू? हात बघ आपले, लायल!"

बघितले. कापत होते. "कापतायत," मी म्हटलं. "दार उघडून बघ."

बोट अजून चापाबाहेरच. मग पावलं परत. दार. गाडी.

डेप्युटीने त्याला पुलावर धरलं. आज बत्तीस मिनिटं. फोनवर सगळं रेकॉर्ड झालंय, या वेळी सुटत नाही म्हणाला.

एकही गोळी झाडली नाही. एकही! बीन्स गार झाले होते. तिघांनी दोनदा वाढून घेतले.

२३ मार्च, सोमवार

मामा आला. मला मिठी मारली, मामा कधी मारत नाही. "म्हातारीच्या पिस्तुलाचा विजय असो!"

मी विचारलं, "रायफल साफ झाली का?"

"होतेय," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

२७ मार्च, शुक्रवार

ब्रँटला जामीन नाकारला. ताई गात होती. मी का नाही गात?

३० मार्च, सोमवार

गिरणीत गेलो नाही. पाठ दुखतेय असं कळवलं. पाठ दुखत नाही.

१ एप्रिल, बुधवार

आजही नाही गेलो. घरात एकटा. दिवसात तीनदा पेटी उघडली. काडतुसं मोजली. पाच. बंद केली. तिसऱ्या वेळी लगेच बंद केली नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी हे असंच सुरू झालं होतं, पाठदुखीच्या थापेने. मामा रायफल का साफ करतोय ते मला पहिल्यापासून माहीत आहे. ब्रँटला दार फोडावं लागलं. हे दुखणं आतच राहतं, जेवतं, आणि ताटलीही माझीच वापरतं.

पण मी बावीसचे एकोणीस सेकंद केलेत! याला मी घर देणार नाही.

२ एप्रिल, गुरुवार

ताईला उठवून सगळं सांगितलं. तिने पेटीला नवा आकडा लावला. ती लावत असताना मी पाठ करून उभा होतो. नऊ वाजता ती मला डॉक्टरकडे नेतेय. बाईंचा कागद वाटेत द्यायचाय. पायपरच्या नावाखाली दुसरं नाव लिहिलं: लायल जेम्स स्ट्राउड, वय तेवीस.