देवासाठी काढलेली पेटी

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पोचलो एकदाचे! दोन वर्षं नुपूर इथे दोह्याच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आणि मी ओवीला घेऊन नाशकात. आजपासून संसार एका छपराखाली. विमानतळावर ओवी आईला बिलगली ती अल नस्रच्या फ्लॅटमध्ये येईपर्यंत सुटली नाही. दोनच खोल्या आहेत, पण ओवीच्या खोलीत भिंतीतलं भलंमोठं कपाट आहे. त्यात तिने लगेच स्वतःला कोंडून घेऊन पाहिलं. ही वही निघताना माझ्या आईने दिली. परदेशात मराठी लिहायची सवय मोडेल म्हणे. मी म्हटलं, रोज लिहीन. तिला माझं 'रोज' चांगलं ठाऊक आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

नोकरीचा पहिला दिवस. उम्म सलाल मोहम्मदला फळांचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे मी क्वालिटी इन्स्पेक्टर. पिंपळगावला बारा वर्षं द्राक्षं बाहेर पाठवली, आता बाहेरून आलेली केळी तपासायची. सुपरवायझर रॉय वसईचा निघाला. मराठी ऐकून त्याने मिठीच मारली. केळी इक्वेडोरहून येतात, पेट्यांतून, तेरा अंशांवर. इथली पद्धत अशी की माल आधी एक दिवस धुरीच्या खोलीत ठेवायचा आणि मगच हलवायचा. कारण पेट्यांतून कोळी येतात. थंडीत मेल्यासारखे पडून असतात, ऊब लागली की उठतात.

माझ्या आधीच्या थॉमसने त्यांची एक वहीच करून ठेवली आहे, 'इक्वेडोरचे कोळी'. चित्रं, मापं, कोणता कुठल्या पेटीत सापडला. एक उड्या मारणारा, एक सोनेरी जाळ्याचा, एक चपटा, पुठ्ठ्याच्या फटीत मावणारा. शेवटच्या पानावर भटका कोळी. तळहाताएवढा, तपकिरी, विषारी, जाळं विणत नाही, नुसता हिंडतो. त्याखाली लाल शाईत लिहिलंय, मादी अंड्यांची पिशवी सोडत नाही, पिशवी जिथे तिथे ती. माणसाला हौस तरी कसली असावी! मी पोटभर हसलो.

५ ऑक्टोबर, रविवार

येत्या शुक्रवारी सत्यनारायण. पौर्णिमा उद्याच आहे, पण इथे देवालाही शुक्रवारची सुट्टी बघून बोलवावं लागतं. प्रसादाला केळी हवीत. विषारी धुरी दिलेली केळी देवापुढे ठेवायची हे मला काही पटेना. म्हणून आज आलेल्या मालातली एक पेटी धुरीच्या आधीच बाजूला काढली आणि रजिस्टरमध्ये 'तपासली' म्हणून सही ठोकली. तपासणारा मीच, अडवणार कोण? रॉय म्हणाला, शौनक, रिस्क नको, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, इन्शाल्ला शुक्रवारच्या आत पिकतील. मी म्हटलं, देवाचं आहे रे. तो पुढच्या पेटीकडे वळला.

केळी हिरवीगार आहेत. घरी रीतसर अढी घातली. ओवीच्या कपाटाचा खालचा खण, त्यात वर्तमानपत्रं, तांदळाचं रिकामं पोतं आणि वरून आईची गोधडी. एसीचा वारा तिथे पोचत नाही. छान ऊब धरली आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

पूजा झक्क झाली. इथल्या मराठी मंडळातली अकरा कुटुंबं आली. केळी अशी पिकली होती की सगळ्यांनी कुठून आणली म्हणून विचारलं. मी भाव खाऊन घेतला.

आज खण आवरताना गोधडीच्या घडीत एक पाय मिळाला. कोळ्याचा. माझ्या मधल्या बोटाएवढा लांब, केसाळ, तपकिरी. थॉमसच्या शेवटच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये होता. शेजारी धरून पाहिला. तोच.

बाकीचे सात पाय घरात कुठेतरी आहेत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर आधी ती सही बाहेर येईल. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, आणि ओवीला पुन्हा आईपासून तोडून नाशकात न्यावं लागेल. भीती वाटते, हे लिहूनच ठेवतो. अकराही घरी सहज म्हणून फोन केले. मुलं बरी ना? सगळी बरी. एका वहिनींनी विचारलं, असं का विचारताय?

कपाट दोनदा रिकामं केलं, तीन प्रकारचे स्प्रे मारले. जाळं तरी दिसलं असतं. हा कोळी जाळंच करत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

ओवीला आमच्या खोलीत झोपवतो. तिकडचा एसी बिघडलाय म्हणून सांगितलं. बूट झटकतो, उशा झटकतो, टॉवेल झटकतो. नुपूरला आधी वाटलं दिवाळीची साफसफाई. काल म्हणाली, तुझं काहीतरी बिनसलंय. मी कामाचं टेन्शन म्हटलं. एका जागी बसवत नाही. बसलो की खुर्चीखाली बघतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कपाटाशेजारी पाल मिळाली. मेलेली. नुसतं कातडं, आतलं सगळं शोषलेलं.

ओवी सारखी मागेमागे. बोलताना वेणी पाठीवर उडवायची तिची सवय, तीही आज नको झाली. खणाच्या मागे तिला मोठं पांढरं बटण दिसलंय, कापसाचं, हात पुरतो, रविवारी शो अँड टेलला, वर्गात दाखवून बोलायला, नेऊ का, असं इंग्रजीत विचारत होती. मी बूट झटकत होतो. ने म्हटलं. काय हवं ते ने, पण मला काम करू दे.

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

नुपूरची सकाळची ड्यूटी. दोन वेण्या मीच घातल्या, पांढऱ्या रिबिनी लावून, शाळेच्या नियमाप्रमाणे. आठवडाभर काही दिसलेलं नाही. मेला असेल कोळी. आज रजा घेतलीय, खण शेवटचा धुऊन काढतो.

साडेनऊ

खण पूर्ण बाहेर ओढला. मागच्या फळीवर एक गोल डाग. भोवती रेशमाचे धागे, तुटलेले. मधलं कुणीतरी नखाने सोडवून नेलंय.

बटण.

मीच ने म्हटलं —

अंड्यांची पिशवी जिथे, तिथे —

दहा

शाळेत फोन उचलत नाहीत. टॅक्सीत आहे. नुपूरला सगळं सांगितलं. पेटी, सही, सगळं. ती ओरडली नाही. येते म्हणाली. नोकरी खलास, व्हिसा खलास, जाऊ दे. तीन आठवड्यांपूर्वी एवढंच बोललो असतो तर —

सव्वादहा

रिसेप्शनवर बसवलंय. बाई ओवीला आणायला वर्गात गेल्या आहेत. दप्तर कुणी उघडू नका म्हणून दहादा सांगितलं. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय.

आली. दप्तर वर्गातच ठेवलंय. देवा, तुझे उपकार. काचेपलीकडून हसतेय.

डाव्या वेणीला पांढरी रिबीन. उजवीला तपकिरी. मी दोन्ही पांढऱ्या —

रिबीन नाही. पाय आहेत. चार, पाच — सात —

ओवी, थांब. तिथेच. वेणी नको ग, वेणी नको उड —