भर समुद्रात भरलेलं पाणी

मुक्काम समुद्रात, जमीन कुठंच दिसत नाही

तीर्थस्वरूप काकासाहेबदादांना धाकट्या बहिणीचा, वच्छलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतंच बाटलीकडं बघत बसता? पिशोरला थंडी पडली असेल, कानाला बांधत जा. वहिनींना सांगा की त्यांनी दिलेला ठेचा सिंगापूरच्या विमानतळावरून सुखरूप पार झाला. (तिथल्या बाईनं झाकण उघडून वास घेतला आणि लगेच पुढं जा म्हणाली.) आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे हे खुशाल आहेत. माझं कसं आहे ते सविस्तर लिहिते, कारण आज मी ह्यांना एका कामाला नाही म्हणाले आहे आणि ते ‘नाही’ मला परत घेता येईल असं वाटत नाही.

आम्ही बोटीवर कसे आलो हे आधी सांगते, नाहीतर गावात तुम्ही पोरानं आईबापाची हौस केली म्हणून सांगत सुटाल. सत्यमकडं सिंगापूरला महिनाभर राहायचं ठरलं होतं. आठवडा झाला नाही तोच सूनबाई श्रेयाचे आईवडील यायचं निघालं, आणि फ्लॅट दोन खोल्यांचा. मग पोरानं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त काढून आम्हाला पंधरा दिवसांच्या बोटीवर चढवून दिलं. (आमचं लग्न वैशाखातलं. आता कार्तिक चालू आहे.) पूर्वी म्हाताऱ्यांना काशीला पाठवायचे, आता बोटीवर पाठवतात. खाणं तेवढं बरं आहे.

आज बोट कुठल्याच बंदराला लागणार नव्हती. अशा दिवशी सगळ्यांनी आराम करावा असा इथला रिवाज आहे. सकाळी चहा घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले आणि एका लांब खुर्चीत आडवी झाले. दादा, मी नुसती पडून राहिले. चौफेर पाणी, आणि त्यातलं एक तांब्याभरही मला कुठं नेऊन ओतायचं नव्हतं. शेजारच्या खुर्चीत एक पंजाबी बाई डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून झोपली होती. (खायची काकडी. मी विचारून खात्री केली.) मला झोप येईना. नंतर लक्षात आलं, मी घरच्या पाण्याच्या मोटरचा आवाज ऐकायला कान लावून बसले होते.

तुम्हाला आमचं उस्मानपुऱ्याचं घर माहीत आहे, पण तुमची विहीर दारात, तुम्हाला ते कळायचं नाही. आमच्याकडं आठवडा सोमवारी सुरू होत नाही, नळ येतो त्या दिवशी सुरू होतो. तो दिवसही नक्की नाही आणि वेळ तर नाहीच. नळ आले की आधी हौद, मग गच्चीवरची टाकी, मग ड्रम, मग घागरी, मग पातेली, आणि शेवटी उरलेली वाटी-भांडी. ह्यांच्या फोनमध्ये पाणी सोडणाऱ्या लाइनमनचा नंबर पोराच्या नंबरच्या वर आहे. वाळूजच्या कंपनीत जन्मभर स्टोअर सांभाळलं, निवृत्त झाल्यावर पाण्याचं स्टोअर सांभाळतात. पण सांभाळतात म्हणजे गच्चीवर उभं राहून खाली ओरडतात. पाइप ओढायचा मी, हंडे उचलायचे मी, आणि सांडलं तर ‘ह्या बाईला पाण्याची किंमतच नाय’ हे ऐकायचंही मीच. तुमच्या राजनंदिनीच्या हळदीला मी आले नाही तेव्हा वहिनींना वाटलं मी साडीवरून रुसले. मी ड्रम भरत होते हो.

आणि आईचं. ते मी तुमच्यापाशी कधी बोलले नाही, आज लिहिते. तुमचा फोन आला तेव्हा मी चपला घालून दारात उभी होते. हे म्हणाले, “आज नळाचा दिवस हाय, भरू अन् निघू. तेवढ्यानं काय होत नाय.” मी चपला काढल्या. तुम्ही माझ्यासाठी थांबलात, थांबलात, आणि मग लोक म्हणाले आता उचला. मी आले तेव्हा घर सारवून झालं होतं. त्या दिवशी नळ आलेच नाहीत, दादा. रिकाम्या हौदाला कुलूप लावून आम्ही निघालो होतो.

असो. तर मी खुर्चीत पडलेली, आणि भोंग्यातून घोषणा झाली की आमच्या मजल्यावरचं पाणी दुपारी थोडा वेळ बंद राहील, दुरुस्ती आहे, तसदीबद्दल माफी. बोटीवर चढल्यापासून हे उदास होते. चोवीस तास पाणी येणाऱ्या नळाखाली त्यांना करमतच नव्हतं. घोषणा झाली आणि माणूस नवा झाला. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर धावत वर आले आणि सगळ्या लोकांत ओरडले, “वच्छला! ऊठ! पाणी जायलंय!” पंजाबी बाईला वाटलं बोट बुडाली. ती पर्स छातीशी धरून उभी राहिली, काकड्या खाली पडल्या.

मी म्हणाले, “मी नाय उठत. तुम्हीच भरा.”

ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं. लग्न झाल्यापासून बायको पाणी भरायला उठली नाही असं कधी घडलं नव्हतं, तेव्हा ती आजारीच असणार. ताप नाही म्हटल्यावर ते चिडले, आणि “बघतो मी” म्हणून एकटेच खाली गेले.

पुढचं मी आपल्या डोळ्यांनी पाहिलं नाही, पण परिणाम पाहिला. ह्यांनी खोलीतली कचऱ्याची बादली भरली, बर्फाचं भांडं भरलं, फुलदाणी भरली (फुलं माझ्या उशीवर ठेवली, हा आमच्या संसारातला पहिला गजरा), कपडे धुवायला द्यायच्या प्लास्टिकच्या पिशव्या भरून गाठी मारल्या आणि त्या पलंगावर ओळीनं मांडल्या. मग बोट जराशी कलली. समुद्रात बोट कलते ही गोष्ट पाण्याच्या एवढ्या मोठ्या जाणकाराच्या ध्यानात आली नाही. मी गेले तेव्हा दाराखालून पाणी गालिच्यावर येत होतं, बोटीवरची दोन माणसं ते शोषून घ्यायचं यंत्र फिरवत होती, आणि हे त्यांच्या मागं मागं फिरत विनवत होते, “फेकू नका हो, संडासला होईल!” त्यातली एक पोरगी हसली. तिला वाटलं काका गंमत करतात.

खोली राहण्यासारखी उरली नाही. मोकळी अशी एकच खोली होती, म्हणून त्यांनी आम्हाला मोठ्या लोकांच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथं न्हाणीघरात माणूस आडवा मावेल एवढा टब आहे. हे आत गेले आणि देवळात उभं राहावं तसे त्या टबासमोर उभे राहिले. “बघ,” म्हणाले, “फायदाच झाला.” लगेच तो काठोकाठ भरला. पाणी केव्हाच परत आलं आहे, पण टबात अंघोळ करायला बंदी आहे. ते साठवणीचं आहे.

तेव्हा मी सांगून टाकलं की परत गेल्यावर मी नळाला उठणार नाही, ना पहाटे, ना दुपारी. हे टबाकडं बघत म्हणाले, “मग कोण उठणार?” रागानं नाही म्हणाले. त्यांना खरोखरच उत्तर पाहिजे होतं. मला त्याचाच जास्त राग आला, दादा. मला का उठायचं नाही, हे विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

आता पुरे करते. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल विसरू नका.

तुमची बहीण,
वच्छला

ता. क. सत्यमला यातलं काही कळवू नका. टबाचा फोटो ह्यांनी त्याला पाठवला आहे, आणि त्यावर त्यानं आनंदाचे तोंडवळे पाठवले आहेत. आईबाप मजेत आहेत असं त्याला वाटू द्या.

दुसरा ता. क. फुलंब्रीच्या लीलाबाईंच्या घरातली वरची खोली रिकामी आहे असं तुम्ही दिवाळीत बोलला होतात. ती माझ्यासाठी धरून ठेवायला सांगा. एकटीला पुरेल. कोणी विचारलं तर माहेरजवळ हवापालटाला आली म्हणा. पत्राचा फोटो काढून पाठवायला ह्यांच्याच हातात द्यावं लागणार, कारण बोटीवरचं इंटरनेट ह्यांच्या एकट्याच्या फोनवर घेतलं आहे. माझं लिहिलेलं ह्यांनी आजवर कधी वाचलेलं नाही. वाचलं तर वाचू देत.

तिसरा ता. क. काकासाहेब, रामराम. फोटो स्पष्ट आला का बघताना वाचण्यात आलं. आईंच्या बाबतीत मी काय बोलू. लीलाबाईंकडं जाल तेव्हा पाणी किती दिवसांआड येतं आणि टाकी केवढी आहे, ते भाड्याच्या आधी विचारा. हिला विचारायचं सुचणार नाही. एका माणसाला पुरतं का आणि दोघांना पुरतं का, दोन्ही विचारून ठेवा. — साहेबराव