पदराखालचा भाव

आप्पा,

तुमची पोरगी गेल्या महिन्यात एका कंपनीचा शेअर घ्यायचा म्हणून घरातनं निघाली आणि नोकरी घेऊन परत आली. हसू नका. म्हणजे हसा, पण आधी ऐका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मोबाईल म्हणजे काय, इथनंच सुरुवात करायला पाहिजे, आणि तेवढा दम मला नाही. एवढंच समजा, आता सौदा फोनवर होतो. माल दिसत नाही, घेणारा दिसत नाही, विकणाराही दिसत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग ह्यो सौदा हाय का भुताटकी?"

सूतगिरणीच्या स्टोअरमधनं मी रिटायर झाले आणि पोरगं म्हणालं, "आई, आता बस की निवांत." निवांत बसणं किती अवघड, हे तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही तर आजारपणातसुद्धा खाटेवरनं गुळाच्या गाड्यांची चौकशी करायचा. मला काम पाहिजे होतं, आप्पा. पैशासाठी थोडं, आणि सकाळी उठून साडी नीट नेसायला काहीतरी कारण पाहिजे म्हणून जास्त. तेवढ्यात मंगळवार पेठेत म्हाताऱ्या माणसांसाठी मोबाईलचा वर्ग निघाला, तिथं नाव घातलं. शिकवणारी बाई माझ्या सुनेच्या वयाची, पण आवाज असा की मागं डुलकी काढणारे आजोबा दचकून उठायचे. तिनं डीमॅट खातं उघडायला शिकवलं. सगळे पैसे एकाच ठिकाणी घालू नका म्हणाली, दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याचा फोन तिथल्या तिथं बंद करा म्हणाली, ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका म्हणाली. नोकरीच्या साइटवर माझी माहितीही भरून घेतली. त्या माहितीला कुत्रं विचारत नव्हतं. वय बघितलं की सगळे गप.

शेअर घ्यायच्या आधी कंपनीचा नफा, कर्ज, मालक हे सगळं फोनवर कसं वाचायचं, तेही बाईंनी दाखवलं. मी वाचलं, समजलंही, पण मन काही घेईना. तुमची शिकवण आडवी आली. अजून डोळ्यापुढं दिसतंय: मी शाळकरी पोर आहे, आई चुलीपाशी भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून गुळाची ढेप फोडताय. कोपरा मोडून माझ्या तळहातावर ठेवताय. "आधी बघायचं, मग चाखायचं, मगच हात द्यायचा." हात द्यायचा तो रुमालाखाली. गुळाच्या बाजारात तेव्हा भाव तोंडानं कुणी बोलत नसे. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, जेवढी बोटं तेवढा भाव, आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता नाही. तुम्ही तो खेळ मला घरी टॉवेलखाली शिकवला. एकदा पाव्हण्यांसमोर मी तुमची बोटं ओळखून भाव मोठ्यानं सांगून टाकला, तर केवढ्यानं खेकसला होता! "भाव बोलायचा नसतोय, पोरी. दाबायचा असतोय." मी रडत झोपले आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातनं माझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन आला.

तर मी गेले की कागलच्या एमआयडीसीत, कंपनी बघायला. सुनेनं डोक्याला हात लावला. "अवो आत्या, शेअर घ्यायला कोण फाटकावर जातंय व्हय?" मी म्हटलं, आप्पांची पोरगी जाते. बस बदलत पोचले आणि फाटकासमोर झाडाखाली उभी राहिले. लोखंडी सुट्या भागांनी ट्रक भरून बाहेर पडत होते, पाळी सुटलेले कामगार हसत-खिदळत जात होते. माल बरा वाटला. एवढ्यात वॉचमन आला. "काय पावणं, कुणाकडं?"

"कुणाकडं न्हाय. तुमच्या कंपनीचा शेअर घ्यायचा हाय, म्हणून बघायला आलेय."

"किती घेणार?"

"एक."

तो असा खो-खो हसला की ऑफिसातनं एक तरुण साहेब बाहेर आला. साहेब मात्र हसला नाही. मला आत नेऊन चहा दिला. मग मी सुरूच झाले: गिऱ्हाईकाकडनं माल परत किती येतो, स्टोअरात सामान पडून किती राहतं, पावसाळ्यात गंज कसा सांभाळता? तो माझ्याकडं बघतच राहिला. "मावशी, तुम्ही काय करत होता?" सांगितलं. तर म्हणाला, "आमच्या स्टोअरला अर्धा दिवस यायला जमंल? नव्या पोरांना शिकवायला जाणतं माणूस शोधतोय आम्ही." आप्पा, मला रडूच आलं. चहा गरम आहे म्हणून सांगितलं आणि डोळे पुसले.

"पगाराची अपेक्षा काय?" त्यानं विचारलं. शेजारी दोघंजण बसलेले. चार लोकांत भाव कसा बोलायचा? माझा हात आपोआप पदराखाली गेला आणि पदरासकट त्याच्यापुढं झाला. तो बिचारा घाबरला. "मावशी, हाताला काय लागलंय का?" मी एवढी हसले, एवढी हसले की चहा साडीवर सांडला. मग पदर सारला आणि भाव बोलले. मोठ्यानं. फाटकावरच्या वॉचमनलाही ऐकू गेला असणार. साहेब लगेच म्हणाला, "चालतंय की!"

घरी येऊन शेअर घेतला, एकच. म्हणजे आता मी तिथं कामालाही जाते आणि थोडीशी मालकीणही आहे. वॉचमन रोज सकाळी "आल्या बघा मालकीणबाई" म्हणून सलाम ठोकतो आणि मीही ऐटीत मान हलवते. स्टोअरातली पोरं मला आजी म्हणतात, चुकली की माझं खेकसणं खातात. ते खेकसणं कुणाचं, ते तुम्हाला माहीत आहे. फार आनंदात आहे मी, आप्पा. एवढंच सांगायला बसले होते. आता ह्या कागदाचं काय करायचं, कुणास ठाऊक. तुमच्याकडं टपाल जात नाही. राहू दे माझ्यापाशीच.

पण एक कबूल करते. पदराखाली मी जेवढी बोटं धरली होती, त्यापेक्षा एक बोट जास्त तोंडातनं निघालं. आणि ज्या घाईनं तो हो म्हणाला, त्यावरनं वाटतंय, अजून एक सहज चाललं असतं.