लिंबाची सालं

मंगळवार, संध्याकाळ

वास गेला. निदान घरमालकीणबाईंना तरी आला नाही. मग मला बरं का वाटत नाहीये?

मांस-मासळी खात नाही असं सांगून मी पडेगावची ही जागा मिळवली. वडलांना, अण्णांना, हे कधी सांगितलंच नाही, लाजेनं. अण्णा काल गावाहून आले. आज मी ऑफिसात असताना, मला लई आवडते म्हणून, सोबत आणलेली सुकट त्यांनी तव्यावर भाजून ठेवली. दार उघडलं तर जिन्यापर्यंत वास. आणि मी काय म्हणाले? "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

पातेल्यात लिंबाची सालं आणि लवंगा उकळत ठेवल्या. तवा सोड्यानं घासला, ओटा व्हिनेगरनं पुसला. सुकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. अण्णा खुर्चीवर बसून नुसते बघत होते.

बाई वरून खाली आल्याच. "लवंगेचा छान वास सुटलाय. हे वडील का? तुमच्या गावाकडं मासळी खात असतील ना?"

"छे, आमच्याकडं कोणीच खात नाही."

अण्णांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. का, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

बाई गेल्या. मी दार लावून आत आले, तर अण्णा ओट्यापाशी उभे राहून पातेल्यातली सालं बोटांवर चोळत होते. हात माझ्यापुढं धरून म्हणाले, "बघ बरं माय, गेला का वास?"

मी वास घेतलाच नाही. गेला म्हणाले.