राजण्णांच्या शर्टांमधलं पाकीट

७ मार्च १९९४, पीण्या, बंगळूर
पाकिटांचे थर चिकटवणारं मशीन दिवसभर छान चाललं. बाहेर चकचकीत पॉलिएस्टर, आत पॉलिथिन, मध्ये गोंद. एक सुरकुती नाही. माझा हात लागल्यावर होईलच कशी!
चिकपेटेतले अगरबत्तीवाले राजण्णा नमुना बघायला तयार. त्यांनी पुठ्ठ्याचा डबा सोडून माझं पाकीट घेतलं तर अख्खी पेठ मागोमाग येईल. नाही घेतलं तर... सरकारी कारखान्यातली पक्की नोकरी सोडून ही शेड का घेतली, ते सासरी समजावत बसायचं.

९ मार्च
राजण्णांकडे. लॅबचा रिपोर्ट दिला, त्यांनी त्यावर कॉफीचा लोटा ठेवला. त्यांची परीक्षा वेगळी. चंदनाच्या दहा काड्या पाकिटात बंद करायच्या, पाकीट त्यांच्या कपाटात धुतलेल्या शर्टांमध्ये, पंधरा दिवस. शर्टाला वास लागला की नापास. वरच्या कप्प्यात मुंबईच्या एका कंपनीचं पाकीट आधीच बसलंय. बसू दे.

१५ मार्च
त्याच रोलच्या प्लास्टिकचं, काड्या भरलेलं एक पाकीट घरी होतं, ते फोडलं. वास बाहेर गेला नव्हता, पण चंदनाला आत गोंदातल्या थिनरचा दर्प! चूक माझीच. गोंद वाळायला रोल तीन दिवस गरम खोलीत हवा, मी दुसऱ्याच दिवशी काढला. ऑपरेटर मुनिस्वामी म्हणाला होता, "अक्का, इन्नू स्वल्प ओला आहे." म्हणजे अजून थोडा. मी ऐकलं नाही. शहाणी ना!
ह्यांना सांगितलं. "शर्टांना वास लागणार नाही ना? मग पास झालीस. हात दाखवून अवलक्षण कशाला?" खरंय. शर्ट पास करतीलच. काडी लावणारा मात्र नाक मुरडेल. आणि राजण्णांना शिव्या देईल.

१६ मार्च
मी राजण्णांकडे गेले आणि पाकीट परत मागितलं. राजण्णांनी ते तिथेच फाडलं, हुंगलं, तोंड वाकडं केलं.
"शर्ट तर स्वच्छ आहेत. सांगितलंत कशाला?"
"शर्ट अगरबत्ती लावत नाहीत, अण्णा."
हसले नाहीत. दुसरा नमुना आणू का विचारलं, तर "नोडोण". बघू या. त्यांच्या तोंडी याचा अर्थ हो की नाही, हे देवालाही कळत नसेल. परतताना रिक्षात लाज वाटली. थोडी. मग भूक लागली.

२२ मार्च
नवा रोल तीन दिवस ठेवला. वर एक दिवस, माझं प्रायश्चित्त म्हणून. मुनिस्वामीनं हुंगून "सरी", म्हणजे ठीक, म्हटल्यावरच पाकिटं केली. राजण्णांनी या वेळी पाकीट बायकोच्या रेशमी साड्यांत ठेवलं. "शर्टाचं मला कळतं. साडीचं तिला. तिचं नाक माझ्याहून कडक."
चांगलंय. मला कडकच नाक हवंय.

६ एप्रिल
पंधरा दिवस झाले. राजण्णांच्या बायकोनं, अक्कांनी, प्रत्येक साडीची घडी उलगडून हुंगली. एकीलाही वास नाही! मग पाकीट फोडून एक काडी देवापुढे लावली. ती संपेपर्यंत आम्ही तिघं हुंगत बसलो. अक्का म्हणाल्या, चंदनच आहे. राजण्णा म्हणाले, "नोडोण." मुंबईचं पाकीट अजून वरच्या कप्प्यात.
ते काहीही म्हणोत, माझ्या लेखी पाकीट पास झालंय. मुनिस्वामीला उद्या मोठा रोल चढवायला सांगितलाय. राजण्णांचा होकार अजून यायचाय.