कोठीच्या दाराची कडी

दादा,

हाताला टाके घालून घ्यायला दवाखान्यात गेलेय. ओट्यावरचं रक्त माझंच आहे, घाबरू नकोस. चपला न काढता आत ये, कोठीसमोर ढलप्या पडल्यात.

सकाळी दलाल एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. गावातलं सगळ्यात जुनं घर, एक खिळा बदललेला नाही, असं तोंड भरून सांगत होता. कोठीला बाहेरून कडी कशाला, असं त्यांनी विचारलं. त्या शहाण्याने गंमत म्हणून त्यांच्या लहान पोरीलाच आत ढकललं आणि कडी घातली. पोरगी दार बडवायला लागली. बाबा तुला कोंडायचे तेव्हा तू बडवायचास तशीच, दोन्ही मुठींनी.

माझं डोकं फिरलं. पोरीला बाहेर काढलं आणि दाराच्या चिंधड्या केल्या. दलाल मध्ये पडला, त्याचे दोन दात गेले. पोलिसांत जातो म्हणालाय. खुशाल जाऊ दे. गिऱ्हाईकही गेलं.

आईवर मात्र ओरडू नकोस. बाबा कडी घालायचे तेव्हा ती पाठ फिरवून भांडी घासत बसायची, ते मीही विसरलेले नाही. पण आज कुऱ्हाड तिनेच आणून दिली.

— धाकटी